नोंदवही कोणाची?

शिक्षणशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘प्रत्याभरण’ असा एक शब्द भेटतो. ‘फीडबॅक’साठी तो घडवला गेला. बोलताना तो कोणी वापरत नाही; कार्यशाळा संपली की हातात येतो तो ‘फीडबॅक फॉर्म’च. मूळ शब्द विद्युत अभियांत्रिकीतला. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही भाग पुन्हा आत सोडून यंत्राला स्वतःची चाल सुधारू द्यायची, असा त्याचा अर्थ. तो यंत्राकडून माणसाकडे कसा आला आणि माणसाकडे आल्यावर त्याचे काय झाले, याची गोष्ट मला गेली काही वर्षे सतावते आहे. ती साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्याचे कारण असे की, वरवर पाहता व्यवस्थापनशास्त्रातली वाटणारी ही गोष्ट मुळात कथनाची आहे. घडलेले कोण सांगणार, कोण लिहून घेणार आणि लिहिलेले कोण वाचणार, हा तिच्यातला खरा प्रश्न आहे.

एका जिल्ह्याच्या गावी मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ मराठी शिकवतो आहे. या काळात उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग, ‘सॉफ्ट स्किल्स’ची शिबिरे असे बरेच काही अनुभवून झाले. विषय बदलतात, रीत तीच. खुर्च्या गोलाकार मांडायच्या, शेजाऱ्याची ओळख करून द्यायची, चिठ्ठीवर मनातले लिहायचे, गटात चर्चा करून तक्त्यावर मुद्दे काढायचे, आणि शेवटी फॉर्म भरायचा. आम्हा शिक्षकांचा सार्वत्रिक समज असा की, ही सगळी कॉर्पोरेट जगाची उसनवारी आहे. शोध घेऊ लागलो तेव्हा दिसले ते वेगळेच. ही रीत कारखान्यात नव्हे, तर एका शिक्षक-महाविद्यालयात जन्माला आली. नफ्यासाठी नव्हे, तर वंशभेदाशी झुंजताना. आणि तिच्या मुळाशी जर्मनीतून परागंदा झालेला एक ज्यू मानसशास्त्रज्ञ होता.

कर्ट लेविन यांचा जन्म १८९० साली मोगिल्नो या गावी झाला. ते गाव तेव्हा प्रशियात होते, आज पोलंडमध्ये आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यातून लढताना ते जखमी झाले. नंतर बर्लिनच्या मानसशास्त्र संस्थेत, गेस्टाल्ट विचारसरणीच्या सहवासात, त्यांची जडणघडण झाली. इथे एक भेद लक्षात ठेवावा लागतो. आपल्याकडे ‘वर्तन’ म्हटले की पाव्हलॉव्हचे कुत्रे आणि स्किनरची पेटी आठवते. तो वर्तनवाद. लेविन यांना माणूस असा सुटा, चेतकाला प्रतिसाद देणारा प्राणी वाटत नव्हता. माणसाचे वागणे तो ज्या परिस्थितीच्या क्षेत्रात उभा आहे त्या अख्ख्या क्षेत्रातून समजून घ्यावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे परके वाटू नये. शब्दाचा अर्थ संदर्भातून ठरतो हे आपण रोज शिकवतो. लेविन तेच माणसाबद्दल म्हणत होते.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि लेविन अमेरिकेला गेले. त्यांची आई युरोपातच राहिली आणि नाझी छळछावणीत तिचा अंत झाला. पुढे त्यांनी जे संशोधन केले त्यामागे ही सावली आहे. आयोवा विद्यापीठात रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांच्यासह त्यांनी लहान मुलांच्या मंडळांवर प्रयोग केले. हुकूमशाही, लोकशाही आणि मोकाट सोडणारे अशा तीन प्रकारच्या नेतृत्वाखाली मुले कशी वागतात, हे त्यात पाहिले. १९३९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. माणसे हुकूमशहाच्या मागे का जातात, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात मांसाचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकेतल्या गृहिणींनी प्राण्यांचे हृदय, मूत्रपिंड असे एरवी टाळले जाणारे अवयव रांधावेत म्हणून त्यांचे मन कसे वळवायचे, याचा अभ्यास लेविन यांच्याकडे आला. काही गटांना तज्ज्ञांनी व्याख्यान दिले. काही गटांत बायकांनी आपसांत चर्चा करून निर्णय घेतला. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी नंतर ते पदार्थ करून पाहिले. चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. व्याख्यानावरच पोट असलेल्या आपल्यासारख्यांना हा आकडा झोंबणारा आहे. पण त्यातला दुसरा अर्थही नजरेआड करू नये. काय रांधायचे हे आधीच ठरलेले होते. गटाला मोकळीक होती ती ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याची, आणि ‘हो’ यावे अशीच सगळी मांडणी होती. या रीतीची पुढची दोन्ही वळणे इथे बीजरूपाने दिसतात.

युद्धाच्या अखेरीस लेविन यांनी एमआयटीमध्ये समूहगतिकीचे संशोधन केंद्र स्थापन केले. १९४६ च्या उन्हाळ्यात कनेक्टिकट राज्याच्या आंतरवंशीय आयोगाने त्यांना पाचारण केले. नोकऱ्यांतला भेदभाव रोखण्याचा कायदा झाला होता. तो राबवणारे शिक्षक आणि समाजकार्यकर्ते तयार करायचे होते. न्यू ब्रिटन इथल्या शिक्षक-महाविद्यालयात शिबिर भरले. लिपिट, लेलँड ब्रॅडफर्ड आणि केनेथ बेन हे गटांचे मार्गदर्शक होते. प्रत्येक गटात एक निरीक्षक बसून नोंदी घेई, आणि रात्री सगळे संशोधक एकत्र बसून त्या नोंदी वाचत. शिबिरार्थी दिवसा बोलत, संशोधक रात्री त्यांच्याविषयी बोलत.

मग एका संध्याकाळी तिथेच मुक्कामाला असलेल्या काही शिबिरार्थींनी विचारले, आम्ही येऊन बसलो तर चालेल का? काही संशोधकांना हे रुचले नाही. लेविन यांनी त्यांना बसू दिले. निरीक्षक नोंद वाचू लागला. नोंद तिथे बसलेल्या एका बाईंविषयी होती. त्या मध्येच म्हणाल्या की, तसे झाले नव्हते. आणि आपल्या बाजूने प्रसंग सांगू लागल्या. निरीक्षक आपल्या नोंदीवर ठाम राहिला, इतरांनी आपापल्या आठवणी घातल्या, आणि एका साध्या प्रसंगाची तीन-चार कथने टेबलावर आली. लेविन यांना त्यात मोठा आनंद झाला असे तिथे असलेल्यांनी पुढे लिहिले आहे. पुढच्या संध्याकाळपासून जवळजवळ सगळेच शिबिरार्थी येऊ लागले, आणि दिवसाच्या शिकवणीपेक्षा या बैठकींतून माणसे अधिक शिकतात असे ध्यानात आले. अभियंत्यांचा ‘फीडबॅक’ हा शब्द या अनुभवाला चिकटला.

मला हा प्रसंग विसाव्या शतकातल्या वाचनव्यवहाराचाही एक महत्त्वाचा प्रसंग वाटतो. ज्याच्याविषयी लिहिले गेले, त्याने ते लिखाण ऐकले आणि त्यावर हरकत घेतली. एवढ्यानेच त्या खोलीतले नाते बदलले. शोध लागला तो गटचर्चेचा नव्हे. गटचर्चा माणसे फार पूर्वीपासून करत आली आहेत. शोध लागला तो नोंदवही उघडण्याचा.

लेविन यांना याचे पुढे काय होते ते पाहता आले नाही. फेब्रुवारी १९४७ मध्ये वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्यांचे अकस्मात निधन झाले. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या सहकाऱ्यांनी मेन राज्यातल्या बेथेल या लहानशा गावी, गूल्ड अकादमी या शाळेच्या आवारात, पहिली प्रशिक्षण-प्रयोगशाळा भरवली. अमेरिकेतल्या शिक्षकांची राष्ट्रीय संघटना आणि एमआयटीतले केंद्र यांनी मिळून ती योजली. नौदलाच्या संशोधन कार्यालयानेही पैसे दिले. यातूनच ‘नॅशनल ट्रेनिंग लॅबोरेटरीज’, म्हणजे एनटीएल, उभी राहिली. बेथेलची निवड विचारपूर्वक होती. घर, पद, ओळख यांपासून दूर असे एक ‘सांस्कृतिक बेट’ त्यांना हवे होते. तिथे दहा-पंधरा अनोळखी माणसे दोन-तीन आठवडे रोज एकत्र बसत. प्रशिक्षक विषयपत्रिका देत नसे, अध्यक्षपद घेत नसे. सुरुवातीला सगळे गोंधळत, चिडत. मग या रिकाम्या जागेत गट स्वतःच काहीतरी घडवू लागे, आणि घडते आहे त्याविषयीच, ‘इथे आणि आत्ता’ या मर्यादेत, बोलू लागे. याचेच नाव टी-ग्रुप.

कविता वर्गात आधी काहीही न सांगता नुसती वाचून दाखवावी आणि गप्प बसावे, हा प्रयोग ज्यांनी केला असेल त्यांना या शांततेची कल्पना येईल. पहिली दहा मिनिटे असह्य असतात. नंतर जे बोलले जाते ते मार्गदर्शिकेतले नसते.

ही रीत कार्यालयांत कशी शिरली? वाट आधीच तयार होती. व्हर्जिनियातल्या मॅरियन गावी हारवूड नावाचा पायजमे शिवणारा कारखाना होता. त्याचे प्रमुख आल्फ्रेड मॅरो हे लेविन यांचे स्नेही. पुढे त्यांनी लेविन यांचे चरित्रही लिहिले. तिथे लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी केलेला प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. कामाची पद्धत बदलायची होती. एका गटाला बदल नुसता सांगितला. काही गटांना तो आखण्यात सहभागी केले. नुसत्या सांगितलेल्या गटात उत्पादन घसरले, आणि पहिल्या चाळीस दिवसांत १७ टक्के कामगार काम सोडून गेले. पूर्ण सहभाग मिळालेल्या गटांत कोणीच गेले नाही, आणि उत्पादन पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी वाढले. हे आकडे व्यवस्थापनाच्या जगात दुमदुमले नसते तरच नवल. मात्र इथेही, बदल हवा की नको हे कामगारांना विचारलेले नव्हते. तो कसा करायचा एवढेच विचारले होते.

१९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात रॉबर्ट टॅननबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेन्सिटिव्हिटी ट्रेनिंग’ रूढ केले. त्या दशकाच्या अखेरीस हर्बर्ट शेपर्ड आणि रॉबर्ट ब्लेक यांनी एस्सो या तेलकंपनीच्या शुद्धीकरण कारखान्यांत व्यवस्थापकांसाठी अशा प्रयोगशाळा भरवल्या. डग्लस मॅक्ग्रेगर यांनी १९६० मध्ये आपल्या ग्रंथातून तिला तत्त्वाचे पाठबळ दिले: माणूस मुळात कामचुकार नसतो, त्याच्यावर विश्वास टाकला तर तो जबाबदारी घेतो. यातले कोणीही ढोंगी नव्हते. कामाच्या जागी माणसाला माणूस म्हणून बोलता यावे, अशी त्यांची मनापासून इच्छा होती.

पण बेट सोडून कार्यालयात येताना दोन गोष्टी गळून पडल्या. बेथेलचा गट अनोळखी माणसांचा होता. तिथे बोललेले तिथेच राहू शकत होते. कंपनीच्या आतल्या गटात ज्याच्या हाती आपली बढती आहे तो साहेबही गोलात बसलेला असतो. अशा गटाला त्या क्षेत्रात ‘फॅमिली ग्रुप’ असेच नाव आहे. कुटुंबातले सगळे ताण त्यात आले हे ओघानेच. दुसरी गोष्ट नोंदवहीची. न्यू ब्रिटनला ती सर्वांसमोर उघडली होती. कंपनीत अहवाल मागवणारा, म्हणजे पैसे देणारा, वेगळा असतो.

या धोक्याची जाण आतल्या लोकांना नव्हती असे नाही. एडगर शाइन यांची गोष्ट या दृष्टीने विलक्षण आहे. कोरियाच्या युद्धातून १९५३ मध्ये सुटून आलेल्या अमेरिकी कैद्यांच्या त्यांनी मुलाखती घेतल्या होत्या. चिनी छावण्यांत कैद्यांना जुन्या नात्यांपासून तोडून, गटात बसवून, परस्परांवर टीका आणि स्वतःविषयी कबुली देण्यास भाग पाडून त्यांची मते बदलण्याचे प्रयत्न झाले होते. ही प्रक्रिया उलगडताना शाइन यांनी लेविन यांचीच भाषा वापरली: गोठलेले वितळवणे, बदलणे, पुन्हा गोठवणे. पुढे हेच शाइन एमआयटीत व्यवस्थापन शिकवू लागले, एनटीएलच्या शिबिरांत प्रशिक्षक झाले, आणि तीच तीन पदे त्यांनी प्रशिक्षणाला लावली. त्यांनी हे साम्य लपवले नाही. १९६१ मधल्या एका लेखात व्यवस्थापकांच्या विकासाची आणि कैद्यांवरील प्रभावाची त्यांनी स्वतःच तुलना केली. यंत्रणा तीच असू शकते, फरक हेतूचा आणि आशयाचा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मला वाटते, फरक आणखी एका जागी आहे. आपल्याविषयीची नोंद पाहण्याची आणि नाकारण्याची मुभा छावणीतल्या कैद्याला नसते.

या तीन पदांची एक उपकथा साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी. ‘लेविन यांचे तीन टप्प्यांचे प्रारूप’ आज व्यवस्थापनाच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात आकृतीसह असते. २०१६ मध्ये कमिंग्ज, ब्रिजमन आणि ब्राउन या अभ्यासकांनी मूळ लेखन तपासून दाखवले की, १९४७ च्या लेखात याविषयी जेमतेम एक छोटा भाग आहे. प्रारूप म्हणून ते उभे केले ते लेविन यांच्या मृत्यूनंतर इतरांनी. संतांच्या नावावर अभंग चढत गेले, हे आपल्याला ठाऊक आहे. क्षेपकांचे हे भाग्य समाजशास्त्रांनाही चुकलेले नाही.

१९६० च्या दशकात ही लाट शिगेला पोहोचली. कार्ल रॉजर्स यांना हा गट म्हणजे शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा सामाजिक शोध वाटला. हिशेब मांडणारेही निघाले. १९६८ मध्ये कॅम्बेल आणि डनेट यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन म्हटले की, माणसांच्या वागण्यात बदल दिसतो, पण त्याने त्यांचे काम सुधारते हे सिद्ध झालेले नाही. १९७३ मध्ये लीबरमन, यालोम आणि माइल्स यांचा स्टॅनफर्डमधल्या विद्यार्थिगटांवरचा अभ्यास आला. त्यात सुमारे आठ टक्के सहभागींना टिकाऊ मानसिक इजा झाल्याचे आढळले. कंपन्या हळूहळू मागे सरल्या. पण त्या रीतीचे सुटे भाग, म्हणजे गोल खुर्च्या, गटकार्य, फीडबॅक, ‘शेअरिंग’, जगभर पसरले. भारतातही १९६० च्या दशकात हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेतून आणि नव्या व्यवस्थापन संस्थांतून हे वारे आले. उदय पारीक यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याला इथल्या मातीत रुजवण्याचा कसोशीने प्रयत्न केला. १९७० च्या दशकाच्या आरंभी ‘इंडियन सोसायटी फॉर अप्लाइड बिहेवियरल सायन्स’ उभी राहिली आणि बेथेलच्या परंपरेतल्या प्रयोगशाळा भरवू लागली. आमच्या वाट्याला आलेली शिबिरे ही त्या परंपरेची थेट अपत्ये नव्हेत. दूरचे, नाव विसरलेले नातलग म्हणता येतील.

अशाच एका शिबिराविषयी इथे सांगायला हवे. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका संस्थेने आपल्या शिक्षकांसाठी ते भरवले होते. प्रशिक्षकांनी सुरुवातीलाच सांगितले, इथे बोललेले इथेच राहील. मग प्रत्येकाने आपल्या कामातली एक अडचण मोकळेपणाने सांगायची होती. निवृत्तीला थोडी वर्षे उरलेल्या आमच्या एक ज्येष्ठ सहकारी बाई म्हणाल्या, “मध्ययुगीन काव्य शिकवताना हल्ली मुलं ऐकत नाहीत असं वाटतं. कधी कधी वर्गावर जायचंच ओझं होतं.” गोलातले आम्ही सगळे स्तब्ध झालो, कारण ते आमच्यापैकी बहुतेकांचे होते. दोन महिन्यांनी पुढच्या वर्षाचे तास वाटताना बाईंचा तो पेपर दुसऱ्याकडे गेला. त्यांनी कारण विचारले तेव्हा उत्तर आले, “मॅडम, ओझं होतं असं तुम्हीच तर म्हणाला होतात.” प्रशिक्षकांनी अहवाल दिला होता. तो आम्हांपैकी कोणी पाहिलेला नव्हता. बाईंनी मागितला, तो अंतर्गत कामकाजाचा भाग आहे, असे कळवले गेले.

बाई नंतर मला म्हणाल्या, “सर, मी बोलले ते खरंच होतं. पण माझं पुढचं वाक्य त्यांनी लिहिलंच नाही.” ते वाक्य मला आठवत होते. त्या म्हणाल्या होत्या, “तरी ओवी वाचायला लागले की तास कधी संपतो ते कळत नाही.”

न्यू ब्रिटनच्या त्या बाईंना जे मिळाले ते आमच्या बाईंना मिळाले नाही. एवढाच फरक, पण साऱ्या इतिहासाचे सार त्यात आले. बोलते करण्याचे कौशल्य सत्तर वर्षांत खूप पुढे गेले. लिहिलेले वाचून दाखवण्याची अट मात्र मागे राहिली. अपुरे अवतरण म्हणजे काय, हे आम्ही विद्यार्थ्यांना संशोधनपद्धतीच्या तासाला शिकवतो. इथे ते एका माणसाच्या वाट्याला आले.

आपल्या भाषेत या बाबतीत एक जुने उदाहरण आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या, त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून. आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेऊन. ‘लीळाचरित्रा’च्या पाठांत एकाच प्रसंगाच्या वेगळ्या आठवणी ‘वासना’ म्हणून जपलेल्या आढळतात. एक आठवण दुसरीला पुसत नाही. श्रद्धेने केलेल्या त्या नोंदीची तुलना प्रयोगशाळेशी करणे ताणलेले वाटेल. दोहोंची प्रयोजने भिन्न आहेत. पण नोंद करणाऱ्याचा संयम दोन्हीकडे सारखा आहे. मी पाहिले तेवढेच घडले, असे तो म्हणत नाही.

या सगळ्यामुळे मी प्रशिक्षणांच्या विरोधात गेलो आहे, असे कोणी समजू नये. गोलात बसल्याने माणसे खरोखर जवळ आल्याचे मी पाहिले आहे. वर्गात व्याख्यान कमी करून मुलांना बोलू द्यायला लागलो तोही याच रीतीचा परिणाम. लेविन यांच्या कामातली लोकशाहीची ओढ मला आजही खरी वाटते. म्हणूनच तिची मूळ अट तिला परत मिळावी असे वाटते. अहवाल संस्थेकडे जाण्यापूर्वी ज्यांच्याविषयी तो आहे त्यांच्यासमोर वाचला जावा, आणि त्यांची हरकत त्याच कागदावर, तेवढ्याच अक्षरांत, नोंदवली जावी. यासाठी वेगळा निधी लागत नाही. एक संध्याकाळ पुरते. बाई निवृत्त झाल्या. मी मात्र कोणत्याही शिबिराच्या पहिल्या दिवशी, ओळखपरेड सुरू होण्याआधी, अहवाल कोण लिहिणार आणि तो आम्हांला केव्हा वाचायला मिळणार, एवढे विचारून घेतो. बहुतेक वेळा प्रशिक्षक आयोजकांकडे पाहतात आणि आयोजक घड्याळाकडे. दोनदा मात्र शेवटच्या सत्रात अहवाल वाचला गेला, आणि दोन्ही वेळा सत्र ठरल्यापेक्षा पाऊण तास लांबले.